मक्याच्या दाण्याला थंडी वाजते तेव्हा

आज रब्बीच्या मक्याबद्दल बोलू या, आणि तेही फक्त पहिल्या दोन-तीन आठवड्यांबद्दल. दाणा मातीत गेल्यापासून रोप वर येईपर्यंतचे हे दिवस. वर्षभराचा मुरघास, कोंबड्यांचं खाद्य, बाजारात जाणारी पोती, सगळं या दिवसांवर अवलंबून असतं.

सोयाबीन निघतं, दिवाळी होते आणि मक्याची टोकण सुरू होते. कुणाची वेळेवर होते. कुणाचं कापसाची पऱ्हाटी उपटेपर्यंत डिसेंबर उजाडतो. मग आठ दिवस झाले, दहा दिवस झाले, तरी ओळ दिसत नाही. कुठे एक रोप, कुठे हातभर जागा रिकामी. अशा वेळी घरात पहिला प्रश्न येतो, "टोकलं कुणी होतं?" टोकणारी बहुतेक बाईच असते. मग दाणा खोल गेला, बोटं नीट चालली नाहीत, गप्पांत लक्ष होतं, असं सगळं तिच्यावर येतं.

खरं कारण पुष्कळदा थंडी आणि बियाणं यांच्यात असतं. ते शोधता येतं आणि पेरणीच्या आधी तपासताही येतं. आज तेच सांगते.

आधी नुकसानीचा हिशेब करू. दोन ओळींत ६० सेंटिमीटर आणि दोन रोपांत २० सेंटिमीटर अंतर ठेवलं, तर एकरात साधारण ३३ हजार रोपं बसतात. शंभरातले सत्तरच दाणे उगवले, तर दहा हजार जागा रिकाम्या राहतात. ज्वारी-गव्हाला फुटवे येतात, त्यामुळे शेजारचं रोप थोडी जागा भरून काढतं. मक्याला तसा आधार नाही. नांग्या भरल्या तरी दोन आठवडे मागून आलेलं रोप मोठ्या रोपांच्या सावलीत सापडतं. ते खत खातं, पाणी पितं आणि कणीस मात्र बोटाएवढं देतं. म्हणून मका एकसारखा आणि एकाच वेळी उगवायला हवा.

आता दाण्याच्या आत काय घडतं ते पाहू. मका मुळात उबदार मुलखातला. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या नैऋत्य भागात तिथल्या लोकांनी एका रानगवतापासून तो घडवला. त्यामुळे त्याला ऊब लागते. माती १० अंश सेल्सिअसच्या खाली गेली की मक्याचा कोंब जवळजवळ थांबतो. १० ते १३ अंशांत रोप वर यायला १८ ते २० दिवस लागतात. १५ ते १८ अंशांत ८ ते १० दिवस, आणि २१ अंशांच्या आसपास ५ ते ६ दिवस पुरतात. बियाणं तेच आणि टोकणारा हातही तोच, तरी नुसत्या मातीच्या उबेवर दोन आठवड्यांचा फरक पडतो.

उशीर होणं हा त्रासाचा एक भाग झाला. दुसरा त्रास पहिल्या काही तासांतच होतो. कोरडा दाणा मातीत पडला की आधी पाणी ओढतो. दाण्यातल्या प्रत्येक पेशीला एक पातळ पडदा असतो आणि त्यात स्निग्ध पदार्थ असतात. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजून बसतं, शेंगदाण्याचं तेल मात्र वाहतं राहतं, हे आपण रोज बघतो. पडद्याचंही तसंच आहे. कोरड्या दाण्यात हा पडदा आकसलेला असतो. उबदार पाण्यात तो हळूहळू नीट बसतो. गार पाणी एकदम आत शिरलं तर तो नीट बसत नाही आणि फाटतो. मग आतली साखर आणि क्षार बाहेर झिरपतात. मातीतल्या बुरशीला आयतं गोड खाणं मिळतं. ती दाण्याभोवती वाढते आणि कोंब निघायच्या आत दाणा सडवते. दाणा जितका जास्त वाळलेला आणि त्याची साल जितकी तडकलेली, तितका हा धोका मोठा.

हे समजलं की आपल्याकडची एक गोष्ट लक्षात येते. कोरड्यात टोकायचं, मग रात्री लाईट आली की पाट सोडायचा, असं पुष्कळ ठिकाणी चालतं. डिसेंबरच्या रात्री शेततळ्याचं किंवा कालव्याचं पाणी बर्फासारखं असतं. ते थेट कोरड्या दाण्यावर जातं. दाण्याला थंडी वाजते ती इथेच. विहिरीचं किंवा बोअरचं ताजं उपसलेलं पाणी हिवाळ्यात हाताला कोमट लागतं, ते त्या मानानं बरं.

आता बियाण्याच्या पिशवीकडे वळू. पिशवीवरच्या लेबलवर उगवणक्षमता छापलेली असते. प्रमाणित मक्याला ती किमान ९० टक्के असावी लागते. हा आकडा खोटा नसतो, पण तो कुठे मोजला ते समजून घ्या. प्रयोगशाळेत ओल्या कागदात किंवा वाळूत, २५ अंशांच्या आसपासच्या उबेत सात दिवस ठेवून दाणे मोजतात. म्हणजे दाण्याला हवं ते सगळं देऊन घेतलेली ही परीक्षा. आपल्या रानात, पहाटेच्या गारठ्यात तोच दाणा काय करील, ते या आकड्यातून कळत नाही. ९२ टक्क्यांच्या दोन पिशव्या थंड मातीत अगदी वेगळ्या वागू शकतात.

म्हणूनच मक्यासाठी एक वेगळी थंडीची चाचणी आहे. शेतातली माती घेतात, म्हणजे बुरशीसकट. त्यात दाणे पेरून १० अंशांवर सात दिवस ठेवतात. मग उबेत आणून चार-पाच दिवसांनी उगवलेली रोपं मोजतात. परदेशात थंड प्रदेशात बियाणं विकणाऱ्या कंपन्या ही चाचणी नेहमी करतात. आपल्याकडे लेबलवर हा आकडा छापण्याची सक्ती नाही. पण दुकानात विचारायला काही अडत नाही: "हे वाण रब्बीसाठी आहे का? थंडीत उगवून कसं येतं? थंडीची चाचणी केली आहे का?" एकटीनं विचारलं तर उत्तर मिळेलच असं नाही. वीस जणींचं बियाणं एकत्र घेणाऱ्या गटानं विचारलं तर दुकानदार कंपनीच्या माणसाला फोन लावतो.

काही मका थंडी सोसतो तो कसा? माणसांनी आणि थंडीनं मिळून तो निवडला. बोलिव्हिया आणि पेरूच्या सीमेवर टिटिकाका नावाचं सरोवर आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,८०० मीटर उंचीवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या दुपटीहून उंच. तिथेही लोक मका पिकवतात. उत्तर अमेरिकेच्या थंड भागातल्या इरोक्वाय लोकांकडे टणक, चकचकीत दाण्याचा मका होता. त्यांच्यात मक्याची शेती बायकांच्या हातात होती आणि बियाणंही त्याच राखत. थंडीत जे उगवलं आणि लवकर पिकलं, त्यातलंच कणीस पुढच्या वर्षासाठी ठेवायचं. असं पिढ्यान् पिढ्या चाललं.

तसा टणक दाण्याचा मका पुढे युरोपात गेला आणि तिथल्या गार हवेत रुळला. फ्रान्सच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात लाकोन नावाचं गाव आहे. तिथल्या मक्यातून फ्रान्सच्या सरकारी कृषी संशोधन संस्थेनं, म्हणजे इन्रानं, काही शुद्ध ओळी निवडल्या. अमेरिकेतला दाण्याला खळी पडणारा मका भरपूर पिकायचा, पण गार वसंतात तो कुडकुडायचा. संशोधकांनी दोघांचा संकर केला. थंडीत उगवायची ताकद लाकोनकडून आली आणि जास्त उत्पन्न अमेरिकन मक्याकडून आलं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस असे संकरित वाण शेतकऱ्यांच्या हाती पडले आणि मका फ्रान्सच्या उत्तरेपर्यंत पसरला.

हे काम सोपं नसतं. थंडी सोसण्याचा गुण एखाद्या कळीसारखा एका जागी बसलेला नाही. अनेक जनुकं थोडा थोडा हातभार लावतात. शिवाय थंडीत उगवणं आणि उगवल्यावर थंडीत वाढणं हे दोन वेगळे गुण आहेत. एखादं वाण झटकन वर येतं आणि मग पिवळं पडून तसंच बसतं. एखादं उशिरा येतं, पण जोमानं वाढतं. संशोधकाला दोन्ही तपासावे लागतात आणि वर कणीसही भरघोस हवं असतं. म्हणून असं एक वाण तयार व्हायला वर्षानुवर्षं जातात.

आता एक गोष्ट खास आपल्यासाठी. मक्याच्या दाण्यात आईचा वाटा मोठा असतो. दाण्यावरची साल पूर्णपणे आईच्या झाडाची असते. बापाकडून, म्हणजे तुऱ्याच्या परागाकडून, त्यात काहीच येत नाही. साल शाबूत असेल तर पाणी हळूहळू आत जातं आणि बुरशी बाहेर राहते. सालीच्या आतला पिठाळ भाग म्हणजे कोंबाची शिदोरी. त्यात आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. फक्त कोंबात दोघांचा वाटा सारखा. त्यामुळे संकर करताना कोणती ओळ आई ठेवायची, यावर थंडीतली उगवण बदलू शकते. तेच दोन पालक असले, तरी आई-बाप उलटे केले की बियाणं वेगळं वागतं.

बीजोत्पादनाच्या प्लॉटवर मजुरीला जाणाऱ्या बहिणींना हे काम ठाऊक आहे. मादी ओळींतले तुरे तुम्ही उपटता ना, ती संकराची आई. तुरा राहून गेला तर आईवर तिचाच पराग पडतो आणि संकर बिघडतो. तुमच्या त्या कामावर कुणाच्या तरी रानातलं पीक उभं असतं, हे मजुरीचा दर ठरवताना बोलून दाखवायला हरकत नाही.

आता करायचं काय ते क्रमानं सांगते. लिहून घेतलंत तर चांगलं.

पहिलं, वेळ. रब्बी मक्याची शिफारस १५ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर अशी आहे. तेव्हा मातीत पावसाळ्यानंतरची ऊब असते. निफाडसारख्या भागात ऐन हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खालीही गेलेला आहे. तशा गारठ्यात टोकायचंच असेल, तर पुढचं सगळं जास्त काटेकोरपणे पाळा.

दुसरं, माती. आधी रान भिजवा, वाफसा येऊ द्या आणि मग टोका. ओलसर उबदार मातीत दाणा सावकाश पाणी घेतो. दाणा चार-पाच सेंटिमीटर खोल पुरे. पहाटे टोकू नका, ऊन चढल्यावर टोका. सऱ्या पूर्व-पश्चिम पाडा आणि वरंब्याच्या दक्षिण अंगाला टोका. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ते अंग दिवसभर तापतं. पंजाबात हिवाळी मका असाच लावतात. टोकणीनंतर पाणी द्यायचंच झालं तर दिवसा द्या आणि हलकं द्या.

तिसरं, बियाणं भिजवणं. घरचं, औषध न लावलेलं बियाणं असेल तर रात्रभर घरातल्या साध्या पाण्यात भिजवा. बारा तास पुरेत. सकाळी निथळून सावलीत वरून कोरडं करा आणि त्याच दिवशी वाफशावर टोका. दाण्यानं पहिलं पाणी उबेत घेतलं की मातीतला गारठा तो बऱ्यापैकी सोसतो. गुलाबी, निळं किंवा हिरवं औषध लावलेलं बियाणं मात्र भिजवू नका. औषध धुऊन जाईल आणि ते पाणी विषारी होईल. असं बियाणं टोकताना हातमोजे घाला, आणि काम संपल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

चौथं, घरची थंडीची चाचणी. ही घरच्या, औषध नसलेल्या बियाण्यासाठीच. शंभर दाणे मोजा. पन्नास दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून घरात उबेला ठेवा. बाकीचे पन्नास एका जुन्या डब्यात, शेतातल्या ओलसर मातीत पेरा, झाकण लावा आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. सात दिवसांनी डबा बाहेर काढून उबेला ठेवा आणि आणखी पाच दिवसांनी मोजा. समजा गोणपाटात ४६ उगवले आणि डब्यात ४१, तर बियाणं थंडीला चांगलं. डब्यात २५च आले, तर ते खरिपासाठी राखा. फ्रिज प्रत्येकीकडे नसतो. गटात एकीकडे असला तरी दहा जणींचे छोटे डबे मावतात. प्रत्येकीचं नाव डब्यावर लिहा. तो डबा पुन्हा खाण्याच्या पदार्थांसाठी वापरू नका.

औषध लावलेलं विकतचं बियाणं घरच्या फ्रिजमध्ये मुळीच ठेवायचं नाही. त्याची परीक्षा रानातच घ्या. दोन-तीन वाणांचे पन्नास-पन्नास दाणे शेजारशेजारच्या ओळींत टोका, काठीला चिठ्ठी बांधा आणि दहाव्या व पंधराव्या दिवशी मोजा. या वर्षी हे करून वहीत लिहिलंत, तर पुढच्या वर्षी खरेदीला उपयोग होईल.

पाचवं, घरचं बियाणं राखणं. संकरित मक्याचं बी घरी राखू नका, दुसऱ्या पिढीत पीक उंच-बुटकं, मागं-पुढं होतं. पण चाऱ्यासाठी आफ्रिकन टॉलसारखं वाण असेल तर ते राखता येतं. शेताच्या मधल्या भागातली, एकसारखी उगवून आलेली जोमदार झाडं पीक उभं असतानाच खूण करून ठेवा. शेजारच्या मक्याचा पराग कडेला जास्त येतो, म्हणून कडेची झाडं नकोत. दोन-चार मोठी कणसं घेऊन भागत नाही, निदान शंभर झाडांची घ्या, नाहीतर वाण खालावतं. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की दाणा पक्व झाला. कणसं सावकाश वाळवा. टोकाचे आणि बुडाचे दाणे बाजूला करून मधले घ्या, आणि ते हातानं सोला. काठीनं बडवलं की सालीला बारीक चिरा पडतात. त्या डोळ्याला दिसत नाहीत, पण थंड मातीत त्यांतूनच दाणा सडतो.

आणि एवढं करूनही ओळ विरळ आली, तर कुणावर बोट ठेवण्याआधी खुरप्यानं पाच-सहा रिकाम्या जागा उकरा. जागेवर दाणाच नसेल तर पाखरं किंवा उंदीर. दाणा कोरडा टणक असेल तर ओल कमी पडली. कोंब वर येऊन पापुद्र्याखाली अडकला असेल तर वरची माती घट्ट बसली. दाणा फुगून मऊ झाला असेल आणि वास येत असेल, तर तो गारठ्यानं आणि बुरशीनं गेला. आणि खरोखर जास्त खोल गेला असेल तर तेही कळेल, बोटानं माप घ्या. कोंब निघालेला, पांढरा आणि टवटवीत दिसला तर मात्र थांबा, तो उशिरानं येतो आहे. उगवून आलेली रोपं गारठ्यात जांभळट दिसली तर घाबरू नका. मुळांना स्फुरद उचलता येत नसतं. ऊन वाढलं की बहुधा ती हिरवी होतात.

बिल, पिशवी, लेबल आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. उगवण फारच कमी आली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते, आणि तेव्हा हीच कागदं मागतात. पीक उभं असतानाच तक्रार करा. नांगर फिरल्यावर दाखवायला काही उरत नाही. बिल बाईच्या नावानं करून घेतलंत तर तक्रारही तिच्याच नावानं होईल.

गटाच्या येत्या बैठकीसाठी एक काम सांगते. यंदा मका लावणाऱ्या प्रत्येकीनं चार गोष्टी वहीत लिहायच्या: वाणाचं नाव, टोकणीची तारीख, पाणी कधी दिलं आणि पंधराव्या दिवशी शंभर जागांपैकी किती रोपं दिसली. दहा जणींच्या दहा ओळी शेजारी ठेवल्या की आपल्या गावच्या मातीत कोणतं बियाणं थंडी सोसतं, ते तुम्हाला दिसेल. मोजायला अर्धा तास लागतो, आणि पुढच्या वर्षी "टोकलं कुणी होतं?" असं कुणी विचारलं तर वही पुढे करता येते.

प्रश्न असतील तर लिहून ठेवा, गटाच्या ताईंकडे द्या.